सात घरे

(तृतीय वर्ष कला)

मांजरीण आपल्या पिल्लांना सात घरे दाखवते, असे माझी आजी म्हणते. हे ती इतक्या ठामपणे सांगते, की सहा का नाहीत किंवा आठ का नाहीत, असे विचारायची सोयच नसते. मांजरीण व्यायली की काही दिवसांनी पिल्लू तोंडात धरून जागा बदलते, हे मात्र खरे आहे. एका कोपऱ्याला पिल्लांचा वास लागला की बोके आणि कुत्री तिथे पोचतात, म्हणून ती बिचारी हलत राहते. आज जिन्याखाली, उद्या गच्चीवरच्या टाकीमागे, परवा कुणाच्या तरी बंद दुकानाच्या फळीवर. आजीचा सातचा आकडा शास्त्रात बसत नसेल. पण गेल्या तीन वर्षांत मी जे काम जवळून पाहिले, त्याचे वर्णन करायला मला याहून चांगले शब्द सापडलेले नाहीत.

वर्गात मला ‘मांजरवाली’ म्हणतात. या लेखाने त्या नावावर शिक्कामोर्तब होणार याची मला कल्पना आहे. पण होऊ दे. एरवी मी सगळ्यांना अर्धवट उत्तरे देत आले आहे. एकदा सगळे नीट सांगून टाकावे, असे वाटते. त्यात माझी एक चूकही आहे. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

२०२३ च्या जुलैमधली गोष्ट. मी तेव्हा प्रथम वर्षाला होते. भाईंदर पूर्वेला आमची चार मजली जुनी इमारत आहे. सकाळी कॉलेजला निघाले तर जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांजवळ बुटांचे एक खोके दिसले. झाकणाला भोके पाडलेली होती. कुणीतरी भोके पाडण्याइतके सहृदय होते आणि खोके ठेवून जाण्याइतके निर्दय! आत तीन पिल्ले होती. डोळे नुकते किलकिले झालेले, म्हणजे साधारण दहा दिवसांची. अर्थात हा हिशेब मी नंतर शिकले. त्या दिवशी मला एवढेच कळले की ती ओली आहेत आणि ओरडत आहेत.

मी त्यांना घरी आणले आणि जे कुणीही केले असते ते केले. फ्रिजमधले गाईचे दूध किंचित कोमट करून कापसाच्या बोळ्याने तोंडात पिळले. पिल्लांना मांडीवर उताणे धरले, जसे तान्ह्या बाळाला धरतात. रात्रीपर्यंत त्यांना जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांतले एक गार पडले. मी त्याला पुन्हा दूध पाजले. वाटले, अंगात ताकद नाही म्हणून गार आहे. संध्याकाळी ते गेले.

मांजराच्या तान्ह्या पिल्लाला गाईचे दूध पचत नाही. उताणे धरून पाजले तर दूध फुप्फुसात जाऊ शकते. आणि गार पडलेल्या पिल्लाला तर काहीच पाजायचे नसते. आधी ऊब द्यायची, अंग गरम झाले की मगच दूध. म्हणजे जे जे करायचे नव्हते ते सगळे मी एका दिवसात केले होते, आणि तेही मोठ्या मायेने.

वर्गातल्या एका मैत्रिणीने मला मीरा रोडच्या एका ताईंचा नंबर दिला. फोनवर मी रडत होते. ताईंनी माझे रडणे ऐकून घेतले नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पिल्लांचे अंग गरम आहे की गार? आई आजूबाजूला दिसली का? आतापर्यंत काय पाजलेस? उत्तरे ऐकून त्या म्हणाल्या, “आता दूध बंद. बाटलीत गरम पाणी भर, फडक्यात गुंडाळ आणि दोघांच्या मध्ये ठेव. एक काका रिक्षा घेऊन येताहेत. ते देतील ते घे आणि सांगतील तसं कर.”

तासाभरात रिक्षावाले काका आले. त्यांनी पिल्लांसाठी मिळणाऱ्या दुधाच्या पावडरीचा डबा, एक छोटी सिरिंज आणि स्वयंपाकघरात वापरतात तसला वजनकाटा माझ्या हातात ठेवला. पिल्लाला पोटावर पालथे ठेवून कसे पाजायचे ते स्वतः करून दाखवले. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने पोटाखाली हलके पुसायचे, कारण इतक्या लहान पिल्लांना शी-शू सुद्धा आपली आपण करता येत नाही; आई चाटते तेव्हाच होते. हे सगळे ते खाकी गणवेशात, आमच्या दारात उकिडवे बसून दाखवत होते आणि खाली त्यांची रिक्षा रस्ता अडवते म्हणून कुणीतरी हॉर्न वाजवत होते. आई दारात उभी राहून बघत होती. ते गेल्यावर ती म्हणाली, “वेड्यांची कमी नाही गावात.” पण तिच्या आवाजात राग नव्हता.

असा माझा या मंडळींशी संबंध आला.

या मंडळींना नाव नाही. पाटी नाही, कार्यालय नाही, पावतीपुस्तक नाही. आहे ती एक वही, ताईंच्या घरी, आणि सगळ्यांच्या फोनमधला एक व्हॉट्सअ‍ॅपचा गट. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, रात्रपाळी करणाऱ्या एक नर्स आहेत, रिक्षावाले काका आहेत, दोन गृहिणी आहेत, शाळेत जाणारा एक मुलगा आणि त्याची आई आहे, आणि आता मी आहे. पगार कुणालाच नाही. प्रत्येकाने आपल्याला जमेल तेवढेच करायचे आणि जमणार नाही ते स्पष्ट सांगायचे, एवढाच करार. रिक्षावाले काका घरी मांजर ठेवू शकत नाहीत, कारण त्यांची खोली दहा बाय दहाची आहे. पण दवाखान्याची ने-आण त्यांच्याकडे. नर्सताई दिवसा झोपतात आणि रात्री कामावर असतात, म्हणून त्यांच्याकडे तान्ही पिल्ले नाहीत, मोठी मांजरे. बँकेतले काका हिशेब ठेवतात आणि त्यांच्या घरातले एक जादा न्हाणीघर त्यांनी पिल्लांना देऊन टाकले आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

मला सुरुवातीला वाटे, की हे लोक एखादी मोठी जागा का घेत नाहीत? खाडीकडे एखादी शेड बांधावी, सगळी मांजरे तिथे ठेवावीत, दोन माणसे नेमावीत. मी हे आमच्या इतिहासाच्या सरांजवळ बोलले तेव्हा त्यांनी मला एक जुनी हकिकत सांगितली. १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली, त्यावरून पारशी समाजात मोठा क्षोभ होऊन दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभी केली. जनावरांसाठी हक्काची जागा असावी, ही कल्पना आपल्या शहरात अशी जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळही गेल्याच्या गेल्या शतकातले, १८८३ चे.

मी हे मोठ्या उत्साहाने ताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “गाय पांजरपोळात राहते. मांजराचं तसं नाही. पन्नास मांजरं एका शेडमध्ये ठेव आणि एकाला शिंक आली की पंधरा दिवसांत पन्नासांना येते. शिवाय पिंजऱ्यात वाढलेलं पिल्लू माणसाला भितं. त्याला मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, घरातली भांडणं हे सगळं माहीत व्हायला हवं. ते शेडमध्ये कुठे मिळणार? म्हणून घरं.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या कामाचे सारे तंत्र एका वाक्यात सांगायचे तर ते असे : मांजरे एकत्र करायची नाहीत, वाटून द्यायची. प्रत्येक घरात थोडी. एका घरात रोग शिरला तर तो त्याच घरात थांबावा. याला ही मंडळी ‘फॉस्टर’ म्हणतात. आपल्याकडचा शब्द शोधायचा तर पाळणाघर जवळचा. पण पाळणाघरातले मूल संध्याकाळी आईकडे जाते. इथे संध्याकाळ दोन महिन्यांनी येते आणि आई कोण हे अजून ठरायचे असते.

या घराघरांच्या साखळीचे काही नियम आहेत. पहिला नियम ऐकून कुणालाही आश्चर्य वाटेल. तो असा, की पिल्लू दिसल्याबरोबर उचलायचे नाही. आई खायला गेलेली असते किंवा एकेक पिल्लू नव्या जागी नेत असते. दुरून काही तास पाहायचे. पिल्ले स्वच्छ, पोट भरलेली आणि गप्प झोपलेली असतील तर आई येते-जाते आहे असे समजावे. पुष्कळदा दयाळू माणसेच पिल्लांना पोरके करतात. ताईंच्या वहीत ‘आईकडे परत ठेवली’ असा एक रकानाच आहे आणि तो भरला की त्यांना सर्वांत जास्त आनंद होतो.

दुसरा नियम चौदा दिवसांचा. नवे आलेले कोणतेही मांजर आधी १४ दिवस एकटे राहणार. बँकेतल्या काकांचे न्हाणीघर त्यासाठी. तिथे जाताना वेगळा सदरा, वेगळी चप्पल. बाहेर आल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. तिथले भांडे दुसरीकडे न्यायचे नाही. या चौदा दिवसांत जंताचे औषध होते, पिसवा जातात आणि अंगात काही लपलेले असेल तर ते बाहेर येते.

त्यानंतर फॉस्टरचे घर. आठव्या आठवड्याला पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, तीन महिन्यांची झाली की रेबीजची. मग कायमच्या घराचा शोध.

माझी दोन पिल्ले नियमाबाहेर थेट आमच्याकडेच होती, म्हणून आमचेच घर त्यांचे न्हाणीघर झाले. आई घरी साड्यांना फॉल-बीडिंग करते. लोकांच्या भारी साड्या, आणि घरात नखे असलेली दोन पिल्ले! आईने अट घातली, की पिल्ले गॅलरीच्या बाहेर येता कामा नयेत. दर तीन तासांनी मी उठत असे. रात्री दोन वाजता आणि पाच वाजता गजर. वजन वहीत लिहायचे. रोज सुमारे १० ग्रॅम वाढ हवी. दोन दिवस काटा हलला नाही तर फोन करायचा. बाबा भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला आहेत, त्यांनी तिथून काठ दुमडलेली एक नापास थाळी आणली आणि म्हणाले, “हिच्यात बसवून तोल. घसरणार नाहीत.” दोघांत मादी काळी आणि वाळकी होती. आजीने तिचे नाव ‘सुकट’ ठेवले. भाऊ पिवळा, गोल. तो ‘बटाटा’ झाला.

ऑगस्टच्या सुरुवातीला ताईंनी चौदा दिवस पुरी केलेली आणखी दोन पिल्ले मला दिली. आता चौघे. सहा आठवड्यांची, गॅलरीभर उड्या मारणारी. लसीची तारीख २३ ऑगस्ट ठरली होती.

आता ती चूक.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, धो-धो पावसात, भाईंदर स्टेशनच्या पुलाखाली मला एक पिल्लू दिसले. भिजून चिंब, आवाज बसलेला. मी ताईंना फोन केला. न्हाणीघर भरलेले होते. त्या म्हणाल्या, “तिथेच एखाद्या दुकानदाराला विचार, रात्रभर खोक्यात ठेवतो का. सकाळी मी जागा करते. घरी नेऊ नकोस.” मी एका दुकानदाराला विचारले. तो नाही म्हणाला. दुसऱ्याला विचारण्याचा मला संकोच वाटला. आणि खरे सांगायचे तर, मला ते पिल्लू घरी न्यायचेच होते. मला वाटले, एका रात्रीने काय होते? मी त्याला मोरीत ठेवीन. मी ते ओढणीत गुंडाळून घरी आणले आणि ताईंना कळवले, की सोय झाली.

मी त्याला मोरीत ठेवले, पण हात पाण्याने नुसते खळबळले आणि त्याच ओढणीने गॅलरीतल्या चौघांना पुसले. दुसऱ्या दिवशी पिल्लू टवटवीत दिसले म्हणून आणखी एक दिवस ठेवले. मग आणखी एक. चौथ्या दिवशी त्याने खाणे सोडले आणि पाचव्या दिवशी ते गेले. १५ ऑगस्टला सकाळी कॉलेजमध्ये झेंडावंदन करून परत आले तर बटाटा पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसला होता. पाणी पीत नव्हता; नुसता बसला होता. हे त्या आजाराचे लक्षण असते, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. पॅनल्यूकोपेनिया. पांढऱ्या पेशी नाहीशा होतात, उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी संपते. लस नसलेल्या पिल्लांत फार थोडी वाचतात.

पुढचे चार दिवस मी नीट सांगू शकणार नाही. डॉक्टर कातडीखाली सलाइन देत. रिक्षावाले काका दिवसातून दोनदा येत. मीटर टाकत नसत. आईने साड्या उचलून शेजारी नेऊन ठेवल्या आणि गॅलरीत चटई टाकली. मी झोपेने कोसळले तेव्हा तिने औषधांच्या वेळा पाळल्या. बटाटा १७ तारखेला गेला. नंतरची दोघे एका दिवसाच्या अंतराने गेली. सुकट तेवढी राहिली. सर्वांत वाळकी, सर्वांत काळी. का राहिली याला उत्तर नाही.

ताईंना मी सगळे खरे सांगितले. मला वाटले होते त्या ओरडतील. त्यांनी वही काढली आणि तारखा विचारल्या. कोणत्या दिवशी आणलेस, कुणाच्या घरी त्यानंतर गेलीस, ती ओढणी कुठे आहे. मग एकेका घराला फोन करून सांगितले, की चौदा दिवस कुणीही नवे पिल्लू घेऊ नये. शेवटी वही मिटून म्हणाल्या, “माझ्याकडची सहा गेली होती, पहिल्या वर्षी. मीही एक रात्र म्हणूनच आणलं होतं.”

घरी आईने एवढेच म्हटले, “माझ्या गिऱ्हाइकांच्या साडीला हात लावायच्या आधी साबणाने हात धुतेस ना? तसे यांच्यासाठी धुवायचे होते.” यापेक्षा कठोर बोलणे मी आयुष्यात ऐकलेले नाही.

या आजाराचे विषाणू फरशीच्या फटीत, लाकडात वर्षभरही टिकतात. साध्या फिनाईलने ते जात नाहीत आणि फिनाईल तर मांजरांना विषारी. ब्लीचचे पाणी करून आम्ही सारी गॅलरी तीन-तीनदा धुतली. खोके, चटई, ती ओढणी जाळली. तरी नियम तो नियम. आमचे घर एक वर्ष लस न झालेल्या पिल्लांना बंद झाले. वहीत आमच्या नावासमोर ताईंनी लाल रेघ मारली. ती रेघ मी पाहिली आणि मला बरे वाटले, हे विचित्र वाटेल. पण कुणीतरी माझी चूक गंभीरपणे घेतली होती.

त्या वर्षात मी पिल्लांऐवजी दुसरे काम शिकले. तेच मुळात जास्त महत्त्वाचे आहे असे आता वाटते. मांजरीण सुमारे ६३ ते ६५ दिवसांत विते आणि वर्षातून दोनदा-तीनदा. आपण दहा पिल्लांना घरे शोधेपर्यंत मागे तीस जन्मलेली असतात. गळक्या छपराखाली बादल्या मांडत बसण्यापेक्षा कौल बसवलेले बरे. ते कौल म्हणजे नसबंदी.

त्यासाठी आम्ही उत्तनला जात असू. बांबूंवर बोंबील सुकत घातलेले, वारा आला की सगळ्या गावाला वास, आणि होड्यांच्या सावलीत मांजरेच मांजरे. पिंजऱ्यात सुकटीची चिमूट ठेवली की झाले. (आमच्या सुकटीला हे कळले असते तर तिने नाव बदलून मागितले असते!) पहिल्या दिवशी जाळे विणत बसलेल्या एका मावशींनी आम्हांला अडवले. “मांजरं कुठं नेता? ती गेली तर उंदीर आमची जाळी कुरतडतील. एका जाळ्याला पैसे किती पडतात ठाऊक आहे का?” त्यांचे बरोबर होते. रिक्षावाल्या काकांनी त्यांना समजावले, की शस्त्रक्रिया करून, जखम भरली की याच जागी परत आणून सोडणार. खूण म्हणून डाव्या कानाचे टोक कापलेले असेल. म्हणजे तीच मांजरीण पुन्हा कुणी पकडणार नाही. “आणि नाही आणली तर?” “तर माझी रिक्षा ठेवून घ्या.” चार दिवसांनी आम्ही तिची मांजरीण परत नेली तेव्हा मावशींनी आधी तिचा कान पाहिला, मग तिचे पोट पाहिले, आणि म्हणाल्या, “मागच्या आळीत अजून तीन आहेत.” तेव्हापासून तिथे कोणती मांजरीण गाभण आहे, कोणती नवी आली, हे आम्हांला त्याच कळवतात.

शहरातल्या सोसायट्यांत मात्र ही समजूत इतकी सहज पटत नाही. तिथे भांडण खाण्यावरून होते. एक जण खाऊ घालतो, दुसऱ्याच्या गाडीवर मांजरे झोपतात. १९६० च्या कायद्याने हाल होतील अशा रीतीने जनावर टाकून देणे हा गुन्हा ठरवला. पण पहिल्या गुन्ह्याला त्यात लिहिलेला दंड १० ते ५० रुपये! त्या बुटांच्या खोक्याची किंमत याहून जास्त असेल. २०२३ च्या नियमांत वस्तीतल्या जनावरांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ सोसायटीने ठरवावी असे आले आहे. आम्ही तो कागद घेऊन जातो, पण खरे काम कागदाने होत नाही. ‘तुमच्या आवारातल्या मांजरींची नसबंदी आम्ही करून देतो, म्हणजे पुढच्या वर्षी पिल्ले होणार नाहीत’ असे सांगितले की, ज्याला मांजरे आवडत नाहीत तोच सर्वांत आधी मदतीला येतो.

आता सुकटीचे सांगते. लस झाली, शस्त्रक्रिया झाली, पण तिला घर मिळेना. पिवळी पिल्ले पटकन जातात. काळे मांजर घरात कोण घेणार? एक जण फोनवर म्हणाले, “दुसरा रंग नाही का?” जणू साडीच्या दुकानात बसले होते. कायमचे घर देतानाही ताईंचे नियम असतात. खिडक्यांना जाळी हवी, कारण मांजर उंचावरून पडते आणि मरते. घरातल्या सर्वांचा होकार हवा. आणि नाही जमले तर रस्त्यावर न सोडता परत आम्हांलाच द्यायचे. मीरा रोडच्या एका मोठ्या फ्लॅटला ताईंनी नकार दिला, कारण चौदाव्या मजल्यावर जाळी बसवायला ते तयार नव्हते.

या सगळ्यात सहा महिने गेले. आई म्हणू लागली, “राहू दे आता आपल्याकडेच.” साड्यांच्या गठ्ठ्यापासून दोन हातांवर बसायला सुकट शिकली होती. मलाही ती हवी होती. पण आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. ती राहिली असती तर लाल रेघ पुसल्यावरही गॅलरीत दुसऱ्या कुणाला जागा उरली नसती. जो फॉस्टर पहिलेच मांजर ठेवून घेतो त्याचे दार बहुधा तिथेच बंद होते, हे मी वहीत पाहिले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर पश्चिमेच्या एका शिक्षक दांपत्याने तिला नेले. त्यांनी रंग विचारला नाही. ती रात्री कुठे झोपते ते विचारले. ती गेली त्या रात्री आई मशीनवर बसून राहिली, पण मशीन चालल्याचा आवाज आला नाही.

याच सुमारास आमच्या एका प्राध्यापकांनी मला वर्गाबाहेर थांबवून विचारले, “माणसांना राहायला जागा नाही आणि तुम्ही मांजरांना घरे शोधता?” त्यांनी चिडवण्यासाठी विचारले नव्हते. मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन आजीला सांगितले. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, “आपण किती घरं फिरलो ठाऊक आहे तुला?”

मग तिने बोटे मोजली. आजोबा गिरणीत होते. पहिले घर लालबागच्या चाळीतली खोली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि आजोबांसारखे कित्येक परत आत गेलेच नाहीत. कर्ज झाले, खोली गेली. दुसरे घर काळाचौकीला नणंदेकडचा माळा. तिसरे दहिसरला, ओळखीच्या एका बाईंच्या स्वयंपाकघराचा कोपरा, आठ महिने. चौथे आणि पाचवे अकरा-अकरा महिन्यांच्या करारावरच्या खोल्या. सहावे भाईंदरला मिठागरांकडची बैठी खोली, पावसाळ्यात पाणी शिरणारी. आणि सातवे हे.

“त्या दहिसरच्या बाईला आम्ही कोण होतो?” आजी म्हणाली. “तिचीपण दोन पोरं होती. तिने कायमचं घर नाही दिलं. आठ महिने दिले. तेवढे नसते तर पुढची चार घरं दिसली नसती.”

मी गप्प बसले. आपले हे मीरा-भाईंदर म्हणजे तरी काय आहे? १९८५ मध्ये नगरपालिका झालेले, २००२ मध्ये महानगरपालिका झालेले गाव. २००१ च्या जनगणनेत वस्ती पाच लाखांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांवर गेलेली. खाडीकाठची आगरी-कोळी मंडळी सोडली, तर आपल्यापैकी बहुतेकांना कुणीतरी तोंडात धरून इथे आणून ठेवले आहे. प्राध्यापकांच्या प्रश्नाला हे उत्तर होत नाही, हे मला कळते. माणसांच्या घरांचा प्रश्न एका वहीने सुटणारा नाही. पण तात्पुरती जागा ही क्षुद्र गोष्ट नाही, हे मी आजीकडून शिकले. आणि ती जागा देताना हात स्वच्छ धुवावे लागतात, हे माझ्या चुकीने मला शिकवले.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये ताईंनी लाल रेघेवर तारीख घालून सही केली. आमचे घर उघडले. त्यानंतर आमच्या गॅलरीतून अकरा पिल्ले पुढच्या घरी गेली आहेत. एक दगावले. दारात साबण ठेवलेला असतो आणि कुणी पाहुणा आला तर आईच त्याला आधी मोरीकडे पाठवते.

कॉलेजच्या आवारात, सायकल स्टँडमागे, दरवर्षी पावसाळ्यात एक मांजरीण विते. तुम्हांपैकी कुणाला पिल्ले दिसली तर धावत जाऊन उचलू नका. दूध तर मुळीच पाजू नका. लांब उभे राहा आणि तिची वाट पाहा. संध्याकाळपर्यंत ती आली नाही, तर मला येऊन सांगा. मी तृतीय वर्षाची परीक्षा देऊन जाईन, पण माझा नंबर ग्रंथालयातल्या काकांकडे आहे. ते त्या मांजरीला रोज आपल्या डब्यातली पोळी घालतात आणि कुणाला कळू देत नाहीत.